दुर्बिणीची जागा

वामकुक्षी म्हणजे डाव्या कुशीवर. मी डाव्या कुशीवर आहे, पंखा फिरतो आहे, आणि समोर टेबलावर जुन्या सतरंजीवर रायफल आडवी पडली आहे. शेजारी दोन दुर्बिणी. एक लांब, एक आखूड. बंदुका दुरुस्त करणाऱ्या दस्तगीरनं दोन्ही आणून ठेवल्यात. चहाच्या वेळेला तो ड्रिल घेऊन येणार, रायफलीच्या पाठीवर भोकं पाडणार आणि लांब दुर्बीण बसवणार.

उद्या सकाळी ऊसतोडीची टोळी माझ्या फडात शिरणार आहे. फडात रानडुक्कर आहे. त्यानं परवा टोळीतल्या पारूबाईची मांडी फाडली. ते मारायचा वनखात्याचा परवाना माझ्या नावावर आहे. ते बाहेर पडेल तेव्हा बांधावर मी असणार.

माझा नेम पक्का आहे. फक्त नळीच्या टोकावरची माशी, म्हणजे नेम धरायचा तो मण्याएवढा ठिपका, हल्ली मला दिसत नाही. माणसाचं वय होतं. म्हणून दुर्बीण. एवढं साधं आहे, मी डोळे मिटते आणि

"कूस बदल," भामाआत्या म्हणते. "घोरतीस."

ती टेबलाच्या कडेवर बसली आहे. वडिलांची थोरली बहीण. रायफल तिचीच, ती गेल्यावर परवान्यासकट माझ्याकडे आली. नऊवारीचा काष्टा, मोकळं कपाळ, आणि उजव्या भुवईवर तो व्रण, आडव्या चंद्रकोरीसारखा. डुकराचा सुळा लागला होता, हे पंचक्रोशीला माहीत आहे.

"आत्या, तू मेलीयस."

"मग? त्यानं नेम चुकतो व्हय?"

ती लांब दुर्बीण उचलते, हातात तोलते.

"काय दिसतं ह्यातनं?"

"सगळं नऊपट मोठं."

"बघ की मग."

मी डोळा लावते. टेबलाचा बांध झालेला आहे, पायाखाली ढेकळं. दुर्बिणीत काळे राठ केस. नुसते केस, काठोकाठ.

"काय हाय?"

"डुक्कर."

"कुठला भाग?"

मला सांगता येत नाही. पाठ असेल. मान असेल.

"ऊ बघायचीय का त्याची?" आत्या म्हणते. "फडातनं सुटलं की धा पावलांवर असतंय, कुमे. सगळं डुक्कर दिसू दे की एका वेळी."

मी आखूड दुर्बीण उचलते. ती दोनपटच दाखवते, आणि डोळ्याला लावली तर तेही नाही, नुसता काळोख आणि मध्ये मोहरीएवढा उजेड. बिघडलेली आहे, असं मी सांगते.

"डोळ्यात कशाला घालतीस? काजळ हाय का ते? लांब धर."

मी हात लांब करते. मोहरीचा उजेड पसरतो, काठोकाठ भरतो. आता पूर्ण डुक्कर दिसतं. चार पाय, शेपूट, मागचा ऊस, वरचं आभाळ. ते माझ्याकडे बघतं आणि

"हाफ की फुल?" कंडक्टर विचारतो.

आम्ही एसटीत आहोत. रायफल आम्हा दोघींच्या मांडीवर आडवी. कंडक्टर तिच्याकडे बोट दाखवतो.

"हिचं वय काय?"

"माझ्याहून थोरली," आत्या म्हणते.

"मग फुल." तो तिकिटाचा चिमटा काढतो, टक् टक् वाजवतो, आणि रायफलीच्या पाठीवर, बरोबर मधोमध टेकवतो. "भोक इथंच पाडतो. सगळे इथंच पाडतात."

"डोक्यावर नगं!"

आत्या रायफल हिसकावून घेते. ट्रिगरखाली बांगडीसारखं कडं आहे. ते पुढे ढकललं की रिकामं काडतूस बाहेर उडतं, मागे घेतलं की नवं आत जातं. सगळ्या घरानं ह्याच कड्यावर हात बसवला आहे. आत्या कडं ढकलते. काडतूस उडतं. उजवीकडे नाही, डावीकडे नाही. सरळ वर. एसटीच्या टपाला आपटतं, ठण्, आणि परत येऊन रायफलीच्या पाठीवरच्या उघड्या तोंडात आडवं अडकतं. आत्या कडं ओढते. कडं हलत नाही.

"बघितलंस? ही वर थुकती. तिथंच दुर्बीण ठेवलीस तर थुकलेलं तिच्याच घशात."

डुक्कर दोन बाकांच्या मधून येत आहे. घाई नाही त्याला. प्रवासी पाय वर घेतात.

"आत्या, दुसरा बार!"

"कशाचा काढू? अडकलंय न्हवं का!"

"मग कुठं लावायची दुर्बीण?"

ती मला हाताला धरून उतरवते, आणि उतरल्यावर तिचं स्वयंपाकघर आहे. खिडकी, खिडकीत आरसा. आरशापुढे मेणाची लाकडी डबी. आधीच्या बायका कपाळाला बोटानं मेण लावायच्या, त्यावर कुंकू, म्हणजे कुंकू धरून राहायचं. नवरा गेल्यावर आत्याचं कुंकू गेलं. डबी राहिली.

ती आरशात भुवईवरचा व्रण चाचपते.

"सुळा न्हवं ह्यो," ती म्हणते. "दुर्बीण चावली."

"काय?"

"डोळ्याजवळ धरलेली. बार काढला, बंदूक मागं आली, बसली कपाळात. देवानं पुसलं, दुर्बिणीनं लावलं."

ती हसते. मलाही हसू येतं, आणि आरशात आम्ही दोघी सारख्याच दिसतो.

"मग सुळा का सांगितलंस?"

"सरपंच हार घेऊन आला हुता, कुमे. आपल्याच बंदुकीनं चावलं म्हणून त्येला परत धाडू?"

"आणि पुढं काय केलंस?"

"पुढंच नेली. नळीवर. डोळ्यापासनं हातभर. तिथं चावत न्हाई, आन् थुकलेलं अडवत न्हाई. म्हातारी झाल्यावर काढून टाकली. भोकं तशी कशी ठेवायची? पाणी शिरतंय. बुजवली."

"कशानं?"

ती माझा उजवा अंगठा धरते, डबीतल्या मेणात दाबते. मेण थंड आहे. मग तोच अंगठा खाली, खाली, नळीच्या थंड लोखंडावर. नख आत रुततं.

"इथं," भामाआत्या म्हणते. "आन् इथं"

"कुमुदताई! आलोय हं!"

पंखा फिरतो आहे. मी अजून डाव्या कुशीवर. दस्तगीरनं टेबलाशी ड्रिलची वायर लावली आहे आणि रायफलीच्या पाठीवर खडूनं फुल्या मारल्या आहेत.

"झोपा तुम्ही. पाचच मिनिटं. आवाज होईल जरा."

मी उजवा हात उघडते. अंगठ्याच्या नखात पिवळसर मेण आहे. ह्या घरात मेण नाही. मी टिकली लावते.

"थांब."

"काय झालं?"

"ती वर थुकते, दस्तगीर."

तो माझ्याकडे बघतो. मी उठते आणि नळीवरची नेमाची मागची पट्टी उभी करते. पट्टीच्या खाली काळा मळ आहे. इतकी वर्षं मी त्यावरून तेलाचा बोळा फिरवला. आता पदराची सेफ्टी पिन काढून टोचते. मळ तुटत नाही. त्याची मऊ वळी निघते, आतून पिवळी. खाली गोल भोक.

दस्तगीर वाकतो, मोबाइलचा उजेड पाडतो.

"आटे आहेत की आत! अगदी जिवंत. ताई, हे कुणी केलं?"

"जिची बंदूक तिनं."

मी आखूड दुर्बीण उचलून हातभर लांब धरते. पूर्ण दस्तगीर दिसतो, टोपीपासून चपलेपर्यंत, हातातल्या ड्रिलसकट.

"ही बसव. पट्टी काढ, तिच्या जागी. ड्रिल पिशवीत घाल, पेचकस काढ. उन्हं आहेत तोवर बांधावर बार काढून नेम जुळवायचाय."

"पण ताई, ही तर काहीच मोठं दाखवत नाही."

"मला मोठं नको. सगळं पाहिजे."

तो पेचकस शोधू लागतो. मी पिन दुसऱ्या भोकाकडे नेते आणि तिथेच थांबते. ह्या मेणावर मळ नाही. त्यात नख रुतल्याची ताजी चंद्रकोर आहे.

मी अंगठा ठेवून बघते. बरोबर बसतो.