बॅनर मी काढलाय

बॅनर मी काढलाय.

उगं कुणाच्या पोराचं नाव घेऊ नका. सकाळी सात वाजता, शिडी लावून, सगळ्या गावादेखत काढलाय.

आज सुमनबाईंना जाऊन एक वर्ष झालं. त्यासाठी बारवेच्या कठड्यावर दहा फुटी फ्लेक्स लागला होता. बाईंचा फोटो पासपोर्टएवढा. आणि लावणाऱ्या भाऊंचा, म्हणजे आमच्या गावच्या पुढाऱ्यांचा, दरवाजाएवढा. हात जोडलेला.

हेच भाऊ सोमवारी त्याच बारवेत मुरूम टाकणार आहेत. वर पेव्हर ब्लॉक. पार्किंग!

अहो, जनाची नाही तर मनाची तरी ठेवा.

बाहेरच्या मित्रमंडळींसाठी सांगते. तेरच्या अलीकडं, तेरणेकाठी आमचं गाव. बारव म्हणजे पायऱ्यांची जुनी विहीर. आणि सुमनबाई म्हणजे माझ्या भूगोलाच्या बाई, माझ्या शेजारीण, आणि रिटायर झाल्यावर गावाच्या 'पत्तेवाल्या बाई'.

पुण्याच्या एका विद्यार्थ्यानं त्यांना टॅरोचे पत्ते भेट दिले होते. बाईंनी ते ओट्यावर मांडले आणि हसायलाच लागल्या.

"अगं सविते, ही तर आपली महाभूतं! पेला म्हणजे पाणी. काठी म्हणजे अग्नी. तलवार म्हणजे वारा. नाणं म्हणजे माती."

"बाई, आकाश कुठंय मग?"

"पत्ते मांडायला जागा लागते का न्हाय? मोकळी जागा. तेच आकाश."

तेव्हापासून लोक यायला लागले. लग्न कधी जमंल, नोकरी कधी लागंल. बाई पैसे घेत नव्हत्या. पाच पत्त्यांत जो रंग जास्त, त्याचं काम करायचं, हीच फी.

काठ्या आल्या तर उसाचं पाचट पेटवायचं नाही. नाणी आली तर कुणाच्याही बांधावर दहा घमेली शेणखत. पेले आले की बारवेतला गाळ.

पंक्चरवाल्या शौकतमामांना तलवारी आल्या. थंडीत जुने टायर जाळायचे ते.

"बाई, म्या दुकान कधी चालंल विचारलं, तुम्ही तर धूरच बंद केला!"

"धूर बंद झाला की गिऱ्हाईक थांबंल तरी, शौकतभाई."

टायर बंद झाले ते झालेच. शौकतमामा अजून शेकोटीला लाकडंच लावतात आणि अजून कुरकुरतात.

आता माझा गाढवपणा सांगते.

दीड वर्षापूर्वी बारव बुजवायचा विषय निघाला. भाऊंना पत्त्यांची मनातून भीती. चार माणसं घेऊन बाईंकडं आले, "काम लाभंल का बघा" म्हणून. बाईंनी पत्ते पिसून टेबलावर ठेवले आणि चहाचं सांगायला आत गेल्या.

मी तिथंच बसलेली. भाऊ माणसांशी बोलण्यात गुंतले, तेवढ्यात मी पटकन पाच पेले शोधून वर लावले.

भाऊंनी एकेक उचलला. पेला. पेला. पेला. पेला. पेला. माणूस पांढरा पडला. हात जोडून म्हणाले, "ऱ्हाऊ द्या बाई. न्हाय बुजवत."

वाचली होती हो बारव! वाचली होती!

आणि बाई म्हणाल्या, "थांबा. हे पत्ते लावलेले हैत."

घाईत मी एक्का, दुर्री, तिर्री, चौकी, पंजी असे ओळीनं लावले होते. भाऊंच्या ध्यानात आलं नाही. बाईंनी कधी पत्त्याचा खोटेपणा केला नव्हता, त्यांना एका नजरेत कळलं.

भाऊ पोट धरून हसले. बाई मात्र उभ्या राहिल्या. "आता पत्त्याबिगर सांगते. उन्हाळ्यात टँकर येत न्हाय तेव्हा जनावरं कुठलं पाणी पितात? ती जमिनीत राखलेली मोकळी जागा हाय. ती भरली तर पाणी थांबंल कुठं?"

कुणी ऐकलं नाही. निधी आला की बुजवू म्हणत हसतच गेले.

मी बाईंना तोंडावर बोलले. "तुमच्या खरेपणापायी विहीर जाणार!"

"आज माझ्या पत्त्यानं थांबले, तर उद्या कुणाच्या तरी अंगात येईल आणि बुजवतील. तू पत्ते लावलेस, ती त्यांचीच रीत झाली."

मला राग आला. सहा महिने बोलले नाही. शेजारी राहून. रोज दुपारी त्या एकट्या घमेलं घेऊन बारवेत उतरायच्या, मी खिडकीतून बघायची. बोलायचं ठरवलं होतं. ठरवतच राहिले. गेल्या वर्षी आजच्या दिवशी त्या गेल्या.

हे मला आयुष्यभर पुरणार आहे. असो.

सोमवारी आठला मुरमाचा पहिला टिप्पर येणार म्हणे. येऊ द्या. साडेसातला मी सगळ्यात खालच्या पायरीवर असेन. शौकतमामा येणार आहेत. ज्यांच्या ज्यांच्या वाट्याला बाईंनी पेले काढले होते आणि ज्यांनी गाळाचं काम टाळलं, त्यांनी पण यावं. तुम्ही कोण ते मला पाठ आहे.

पत्ते आणणार नाही. घमेलं आणणार आहे. माझ्या अंगावर मुरूम टाकायचा असेल तर टाका, मी उठत नाही.

आणि भाऊ, तुमचा बॅनर फाडलेला नाही. फ्लेक्स दणकट आहे, वाया कशाला घालवायचा? बाईंचा फोटो नीट कापून घरी ठेवला. उरलेल्यावर गाळ भरून सकाळपासून आम्ही पायऱ्यांनी वर ओढतोय. तुम्ही आहात तिथंच आहात, हात जोडून, गाळाखाली.

बाई, चुकलं माझं.

भावपूर्ण वगैरे लिहीत नाही, ते बॅनरवर होतं. हात गाळाचे आहेत, तसाच नमस्कार घ्या.

तुमची सविता