नुसतं हो म्हणा

मी रागीट बाई आहे, हे आमच्या लेआउटमधल्या भाजीवाल्यापासून सगळ्यांना ठाऊक आहे. माझ्याशी वर्षानुवर्षं टिकली ती एकच, शेजारीण.

आमच्या दोन घरांमध्ये कमरेएवढी भिंत आहे. ती ख्रिस्ती, आम्ही बौद्ध. नाताळात तिच्याकडून करंज्या-अनारशांचं ताट भिंतीवरून यायचं, बुद्धपौर्णिमेला माझी खीर तिकडे जायची. ताट रिकामं परत करायचं नाही, एवढा एकच नियम. धर्माबद्दल दोघींनी कधी चकार शब्द काढला नाही. मला वाटायचं, यालाच समजूतदारपणा म्हणतात.

यंदाच्या उन्हाळ्यात डॉक्टरांनी तिला घरी पाठवलं. पोटाचा कॅन्सर, करण्यासारखं काही उरलं नव्हतं. मुलगी रजा काढून आली होती, पण कूलरमध्ये पाणी मीच भरायची, कारण त्या कूलरच्या खोड्या मलाच माहीत होत्या. एका दुपारी पाइप बंद करून आत आले, तर तिनं माझं मनगट धरलं.

“तू येशूले स्वीकार वं. आता वेळ नाही राहिला.”

“कोणाले नाही राहिला?”

“तुले. मी तर त्याच्याकडे जाऊन राहिली. तुहं काय होईन?”

“काय होईन?”

ती रडायला लागली. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला आणि तळपायाची आग मस्तकात गेली.

“म्हणजे मी नरकात जाईन, असं वाटते तुले? अन् हे आज सांगून राहिली? इतके वर्षं माही खीर खाल्ली, माह्या पोरीच्या लग्नात नाचली, अन् मनात हे? माह्या घराले आग लागली असती तर भिंतीवरून ओरडली असती का नाही?”

“ओरडली असती.”

“मग काहून गप बसली?”

“तू भिंतीपाशी येणं बंद केलं असतं.”

बंद केलंच असतं. हे तिला माझ्याआधी माहीत होतं, म्हणून मी आणखीच चिडले आणि चप्पल घालून घरी आले.

दुसऱ्या दिवशी तिच्या चर्चच्या पाळकांच्या पत्नीनं मला फाटकाशी गाठलं. त्या आठवड्यातून दोनदा प्रार्थनेला यायच्या. “ताई, नुसतं हो म्हणा ना. त्यांना शांतीनं जाऊ द्या. पुढचं देव पाहील.”

“आम्ही रोज पंचशील म्हणतो बाई,” मी म्हटलं. “त्यात खोटं बोलू नये, असंही आहे. तुमच्या दहा आज्ञांमध्ये नाही का?”

त्या खाली पाहत निघून गेल्या. तिची मुलगीही म्हणाली, “मावशी, एक शब्द तर आहे.” एक शब्द! त्या शब्दासाठी तिची आई झोपेविना तळमळत होती आणि हे लोक तो शब्द तापाच्या गोळीसारखा तिला द्यायला निघाले होते. तिचा विश्वास मला पटत नव्हता, पण निदान ती तो खरा मानत होती. बाकीच्यांना फक्त तिनं रडू नये, एवढंच हवं होतं. मला त्यांचा संताप आला.

मी आत जाऊन तिच्याजवळ बसले. “मी हो नाही म्हणणार. तुले खोटं नाही सांगणार.”

तिनं माझा हात धरला. “माहीत होतं मले,” ती म्हणाली. मग माझा हात न सोडता म्हणाली, “पण मग तिथं मी भांडू कोणासंगं वं?”

त्याच आठवड्यात ती गेली. दफनभूमीत पाळक म्हणाले, आपण सगळे त्यांना पुन्हा भेटणार आहोत. लोकांनी आमेन म्हटलं. मी मागे लिंबाखाली उभी होते. त्या ‘सगळ्यां’मध्ये मी नाही, हे तिनं मला स्वतः सांगितलं होतं. आणि माझ्या धम्मात आत्माच नाही, तर भेटणार कोण? आमच्या दोघींच्या धर्मांचं एका गोष्टीवर एकमत झालं, ते नेमकं यावर की आता आमची भेट नाही.

मला ते मंजूर नाही.