कुमुदमावशींचा मंगळवार

कुमुदमावशी तीस वर्षांहून अधिक काळ सिराक्यूजला राहिल्या, पण गाडीने पाऊण तासावर असलेलं ऑन्टारिओ सरोवर त्यांनी पाहिलेलं नव्हतं. भारतातून कुणी आलं की सगळे हौसेने सरोवर बघायला निघायचे. मावशी थालीपिठांचा डबा भरून द्यायच्या, टोप्या घ्या म्हणायच्या आणि स्वतः घरी राहायच्या. फार आग्रह झाला तर म्हणायच्या, "मी पाण्यातून जाणार आहे." नवख्या माणसाला वाटायचं, बाई थट्टा करतायत.

मी नागपूरहून एम.एस. करायला आले ती त्यांच्याच घराच्या वरच्या खोलीत. मावशी नर्स होत्या. मुंबईत शिकून, सत्तर सालच्या सुमाराला एकट्या अमेरिकेत आलेल्या. लग्न केलं नाही. आमच्या लहानशा मराठी मंडळात त्यांना 'बोटवाली मावशी' म्हणत, कारण त्यांच्याकडे अॅल्युमिनियमची एक जुनी, लहानशी मोटरबोट होती. हे नाव त्यांना आवडायचं नाही. "बोट मुंबईहून सुटायची, भोंगा वाजवून," त्या म्हणायच्या. "ही होडी आहे."

सिराक्यूजच्या वरच्या अंगाला ऑस्विगोचा कालवा सुरू होतो आणि सात लॉक उतरून सरोवराला मिळतो. लॉक म्हणजे पाण्याची पायरी. होडी एका सिमेंटच्या हौदात शिरते, मागचं दार बंद होतं, हौदातलं पाणी उतरतं, त्याबरोबर होडी खाली जाते आणि पुढचं दार उघडतं. तेवढा वेळ भिंतीवरून लोंबणारे दोर धरून होडी जागेवर ठेवायची. दोर शेवाळाने बुळबुळीत झालेले असतात. पहिल्याच उन्हाळ्यात मावशींनी माझ्या हातात रबरी हातमोजे ठेवले आणि मी त्यांची दोरवाली झाले.

पण त्यांना सुट्टी रविवारची, आणि कालव्यावरच्या झाडून सगळ्या माणसांनाही रविवारचीच. उन्हाळा तिथे जेमतेम तीन महिने. तेवढ्यात सगळ्यांना पोहून, मासे पकडून, बिअर पिऊन घ्यायचं असतं. पहिल्या लॉकच्या अलीकडच्या वळणावरूनच रांग दिसायची. घराएवढ्या पांढऱ्या बोटी, छत्री लावलेले तराफे, गाणी लावलेले कॉलेजचे घोळके आणि या सगळ्यांच्या मधून पाणी उडवत जाणाऱ्या त्या पाण्यातल्या स्कूटरी. मावशी इंजिन मंद करायच्या आणि दर वेळी तेच वाक्य म्हणायच्या. "सगळ्यांना आजच पाणी आठवलं."

रांगेत त्या गप्पा मारायच्या नाहीत. शेजारच्या बोटीतून कुणी हसून हात केला तर मान हलवायच्या, पण नजर लॉकच्या दिव्यावर. दिवा तांबडा आहे तोवर थांबायचं. तो हिरवा व्हायचा, आत बोटी घुसायच्या आणि आमच्या आधीच्या बोटीवर हौद भरायचा. एकदा तर प्रवाशांची मोठी बोट मागून आली आणि तिला आधी सोडलं. कडेवरच्या लॉकवाल्याला मावशींनी विचारलं, आम्ही कोण आहोत? तो सभ्यपणे म्हणाला, "तुम्ही मजा करायला आलेली माणसं आहात मॅम, त्यांचा तो धंदा आहे." मावशी माझ्याकडे वळून मराठीत म्हणाल्या, "याला मजा दिसतेय माझ्या तोंडावर."

होडीत शौचालय नव्हतं, म्हणून सकाळपासून त्या पाणी प्यायच्या नाहीत. भर उन्हात, चारी बाजूंनी पाणी आणि त्यात घोटभरही न पिता बसलेल्या मावशी मला अजून दिसतात. तिसऱ्या नाहीतर चौथ्या लॉकपाशी त्या घड्याळ बघायच्या. संध्याकाळी लॉक बंद होतात, परतीच्या रांगा वेगळ्याच, आणि सोमवारी सकाळी त्यांना कामावर हजर राहायचं असायचं. मग होडी वळायची. परतताना त्यांच्या मानेवरची शीर ताठलेली असायची.

एवढा हट्ट का, हे त्यांनी मला एकदाच सांगितलं, तेही भांडी घासताना. त्यांचं माहेर कोकणात, खाडीकाठी. भाऊ वडिलांबरोबर होडीतून खाडीच्या मुखापर्यंत जायचे, जिथे दोन्ही काठ संपतात आणि समोर नुसता समुद्र. मुलींना नेत नसत. संध्याकाळी भाऊ परत आले की जेवताना सांगायचे, काठ कसे एकदम संपतात. "त्यांना सांगता यायचं नाही धड," मावशी म्हणाल्या. "संपतात म्हणजे काय होतं, ते कुणी सांगितलंच नाही." ऑस्विगोला कालवा सरोवराला मिळतो तिथेही पलीकडचा काठ दिसत नाही, असं त्यांनी ऐकलं होतं. गाडीने गेलं की काठावरूनच बघायचं, मग त्यात काय, असं त्यांचं म्हणणं.

मी म्हटलं, "मावशी, एखाद्या मंगळवारी रजा घ्या ना. आठवड्यात मधे कोण असतं कालव्यावर?"

त्या हसल्याच. रजेला कारण लागतं, म्हणाल्या. त्यांच्या विभागातल्या सगळ्या नर्सेसच्या पाळ्या त्याच लावायच्या. कुणाच्या मुलाचा ताप, कुणाच्या सासूचं ऑपरेशन, कुणाच्या मुलीचं नाचाचं बक्षीस, सगळ्यांना त्या रजा द्यायच्या आणि रिकाम्या जागी स्वतः उभ्या राहायच्या. त्यांच्या स्वतःच्या रजा गेल्या त्या भावाच्या आजारपणात आणि भाचीच्या लग्नात. "मी काय सांगू? होडीत बसायचंय? ज्यांना पोरंबाळं आहेत त्या बायकांसमोर?" आणि मग ठरलेलं वाक्य: "रिटायर झाले की मंगळवारी जाईन." मंडळात कुणी त्यांना 'कधी येता जेवायला' विचारलं तरी कोणीतरी हळूच म्हणायचं, मावशी मंगळवारी येतील.

माझ्या तिथल्या शेवटच्या उन्हाळ्यात एका रविवारी आम्ही उजाडताच निघालो. त्या दिवशी दैव चांगलं होतं, दोन लॉक जवळजवळ न थांबता मिळाले. पाचवा उतरलो तेव्हा मावशी पहिल्यांदाच गुणगुणत होत्या. उरले दोन. सहाव्यात आमच्या पुढच्या बोटीतल्या एका थोराड माणसाने बोट भिंतीवर आपटू नये म्हणून हात मधे घातला आणि बोटं चिरडली. त्याची बायको किंचाळायला लागली. कडेवरून कुणी विचारलं, इथे डॉक्टर आहे का?

मावशींनी क्षणभर डोळे मिटले. मग मला दोर सांभाळायला सांगून त्या त्याच्या बोटीत उतरल्या. त्याचा हात बांधला, उंच धरून ठेवला, त्याच्या बायकोला शांत केलं. आमच्या दोन्ही होड्या कडेला घेतल्या आणि मागच्या सगळ्या बोटी हात हलवत खाली उतरून गेल्या. अँब्युलन्स आली, माणूस गेला, तेव्हा दुपार कलली होती. सरोवर एका लॉकवर राहिलं होतं आणि परतायला वेळ कसाबसा पुरणार होता.

मला वाटलं, मावशी म्हणतील, माणूस वाचला, सरोवर काय पळतंय. त्या तसलं काही म्हणाल्या नाहीत. परतीच्या वाटेभर त्या चिडत होत्या. हात मधे घालू नये हे त्या माणसाला कळत नाही? बाकीच्या बोटींतल्या एकालाही पट्टी बांधता येत नाही? "मी तिथे नर्स म्हणून गेले नव्हते," त्या म्हणाल्या. "एवढा एक दिवस मी नर्स नव्हते." पुढच्या आठवड्यात त्या माणसाच्या बायकोने केक पाठवला. मावशींनी तो न उघडता माझ्याकडे दिला. "तिला म्हणावं, रविवार पाठव."

मी नोकरीला न्यू जर्सीत, वेस्ट विंडसरला आले. दोन हजार आठच्या वसंतात मावशी निवृत्त झाल्या आणि जूनमध्ये त्यांचा फोन आला, खांदा दुखतोय, दोर धरवत नाही, येतेस का? मी गेले. मंगळवार होता. त्या उन्हाळ्यात पेट्रोल इतकं महागलं होतं की मोठ्या बोटी धक्क्यावरच बांधलेल्या होत्या. कालवा सगळा मोकळा. आम्ही भोंगा द्यायच्या आधीच दिवा हिरवा होत होता. लॉकवाले कंटाळलेले, बोलायला माणूस मिळालं म्हणून खूश. चौथ्या लॉकवरचा म्हणाला, सकाळपासूनची पहिली होडी तुमची. मावशी काहीच बोलत नव्हत्या. मला वाटलं, आनंदाने.

दुपारच्या आत सातवा लॉक उतरलो. पुढे बंदर, बंदराची भिंत, आणि मग दोन्ही काठ खरोखरच संपले. समोर पाणी आणि आकाश यांच्यामध्ये काही नव्हतं. मावशींनी इंजिन बंद केलं. होडी लाटांवर हलत राहिली. मी मागे बसले होते, त्यांचा चेहरा मला दिसत नव्हता. बऱ्याच वेळाने म्हटलं, "मावशी, पोचलो."

त्या वळल्या. रडत होत्या, पण चेहरा संतापलेला होता. मी त्यांना तितकं रागावलेलं कुठल्याच रांगेत पाहिलं नव्हतं.

"एवढंच होतं?" त्या म्हणाल्या. "सकाळी निघायचं आणि दुपारी पोचायचं? एवढ्यासाठी मी तीस वर्षं लोकांच्या बोटींना शिव्या देत बसले?" मग नाक पुसून, पाण्याकडे बघत, हळू म्हणाल्या, "एक मंगळवार मागायला हवा होता मी. दिला असता त्यांनी. मी मागितलाच नाही."

मी पाण्याची बाटली पुढे केली. त्यांनी ती सगळी संपवली आणि बंदरात शौचालय शोधायला लावलं.

नंतर त्या होडीत बसल्या नाहीत. मी फोनवर म्हणायचे, कालवा रिकामा आहे, खांदा बरा झाला की जा. त्या म्हणायच्या, आता त्या पाण्यात गेलं की राग येतो. शरद ऋतूत त्यांनी होडी विकली, घर विकलं आणि हिवाळ्याच्या तोंडाशी पुण्याला भाचीकडे निघून गेल्या. विमानतळावर मला जवळ घेऊन त्या फक्त, हातमोजे गॅरेजमध्येच राहिले, एवढं म्हणाल्या.

त्या गेल्यावर काही आठवड्यांनी मी माझ्या मॅनेजरकडे मंगळवारची रजा मागितली. त्याने काळजीने विचारलं, घरी सगळं ठीक आहे ना? मी म्हटलं, ठीक आहे. तो कारणाची वाट बघत थांबला. मीही थांबले. त्या शांततेत माझ्या ओठांवर आई आजारी आहे, घरमालक येणार आहे, दाढ दुखतेय, सगळं येऊन गेलं. शेवटी तो बरं म्हणाला.

त्या दिवशी मी काही केलं नाही. उशिरा उठले, पोहे केले, खिडकीशी बसून राहिले. संध्याकाळी, पुण्यात उजाडल्यावर, मावशींना फोन करून रजेचं सांगितलं. त्यांनी विचारलं, कशासाठी घेतलीस? मी म्हटलं, कशासाठीच नाही.

 

"मग ती फोनवर कशाला घालवतेस?" मावशी म्हणाल्या. "ठेव."