हूटगळ्ळीत गाय माडीवर चढते

निघाले होते म्हैसूरचा राजवाडा बघायला, आणि दुसऱ्याच दिवशी शहराच्या कडेला, हूटगळ्ळीच्या एका गल्लीत गायीच्या मागे धावत होते. माझी मामेबहीण वसुधा इथली गुरांची सरकारी डॉक्टर. शेजारच्या गावात लाळ्या-खुरकुताची साथ आली होती. या गल्लीतली गुरं टोचून झाली नाहीत, तर वासरांचं काही खरं नव्हतं. पण वसुधाची जीप दिसली की लोक गुरं मागच्या झाडीत दडवत. सुई टोचली की दूध आटतं, ही त्यांची पक्की समजूत.

"सुम्ने (उगाच) उभी राहू नकोस गं, बर्फाची पेटी धर," वसुधा म्हणाली. "आधी गौरम्माची गाय हवी. ती प्रत्येक नव्या घरात जाते, नोडु (बघ)."

इकडे गृहप्रवेशाला (आपल्या वास्तुशांतीला) घरात आधी गाय नेतात. हूटगळ्ळीत नवी घरं भराभर उठतायत, त्यामुळे गौरम्माच्या गायीला उसंत नाही. ती सापडली एका माडीवरच्या दिवाणखान्यात. गळ्यात झेंडूचा हार, तोंडात केळं, पायाखाली चकचकीत फरशी. जिना चढताना चढली, आता उतरायला तयार नव्हती. माझ्या हातात कुणीतरी केसरीबातची (शिऱ्याची) बशी दिली.

वसुधाने सिरिंज काढताच गौरम्माने गायीच्या गळ्याला मिठी मारली. "बेडा (नको) अम्मा! ताप आला तर उद्याच्या गृहप्रवेशाला कोण जाणार?"

घरमालक मूळचे नाशिकचे. ते हात जोडून म्हणाले, "मॅडम, शुभकार्यात सुई? त्यात राहुकाळ लागलाय!"

वसुधाने परोपरीने समजावलं. पालथ्या घड्यावर पाणी. शेवटी ती भटजींकडे वळली. "स्वामी, सुईला मुहूर्त काढा."

भटजींनी गंभीरपणे पंचांग उघडलं. अर्ध्या तासाने उत्तम योग होता. तोवर आम्ही आणि गाय एकमेकींकडे बघत बसलो. मग मंत्र झाले, सुई टोचली, गायीने कानसुद्धा हलवला नाही.

दारातून बघणाऱ्या बायका धावत सुटल्या. मला वाटलं, घाबरल्या. थोड्या वेळाने त्या परत आल्या, प्रत्येकीबरोबर आपापली गाय. "आमच्यापण टोचा. मंत्रासकट. इथेच."

साथीच्या दिवसांत गुरं एकत्र आणू नयेत, हे वसुधाच रोज सांगायची. पण दडवलेली गुरं आपणहून आलेली बघून तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "अय्यो, येऊ देत!"

अकरा गायी वर आल्या. उतरली एकही नाही. बांधकामाच्या फळ्या लावून उतार केला, तेव्हा कुठे संध्याकाळपर्यंत दिवाणखाना मोकळा झाला. घरमालक खराटा घेऊन उभे होते, त्यांच्याकडे बघवत नव्हतं.

मी घरी परतल्यावर पंधरा दिवसांनी वसुधाचा फोन आला. साथ गल्लीत शिरली नव्हती. ऐकून मला फार बरं वाटलं. पत्रकं वाटून, भोंगे लावून जे जमलं नाही ते पंचांगाने केलं, याचा तिला मुळीच राग नाही. पुढच्या वस्तीत कोणाची वास्तुशांत आहे, याची ती सध्या चौकशी करतेय. अट एकच, घर तळमजल्यावर हवं.