मस्कतसाठी शिकलेला भाव

तलासरीच्या आठवडी बाजारात मी पहिल्यांदा टोपलीमागे बसले, ती मस्कतला जायचं होतं म्हणून.

नवरा तिथे एका हॉटेलच्या स्वयंपाकघरात होता. २०१४ मध्ये, लग्नाला वर्ष व्हायच्या आत तो गेला. जाताना म्हणाला, "पुढच्या वर्षी तुला नेतो." मी लगेच पासपोर्ट काढला. फोनवर तो तिथल्या बाजाराच्या गोष्टी सांगायचा. दुकानदार तोंडाला येईल तो भाव सांगतात, नवखी बाई दिसली की आणखी चढवतात. "तुला तर पहिल्याच दिवशी गुंडाळतील," असं म्हणून हसायचा. ते मला झोंबलं. जायच्या आधी शिकून घ्यायचं, असं मी ठरवलं.

शिकवणारी घरातच होती. माझी सासू आमच्या किनाऱ्यावरच्या वरोर गावाहून सुकी मासळी घेऊन तलासरीला बसायची. माझं माहेर डहाणूतलं, वडील शाळेत शिपाई. आम्ही मासळी विकत घेणारी माणसं. टोपली घेऊन बसायची मला लाज वाटायची. एसटीत आम्ही चढलो की शेजारची माणसं खिडकीकडे तोंड फिरवायची. पण विकणाऱ्याच्या डोक्यात काय चालतं ते कळलं, की विकत घेताना मला कोण फसवणार, असा माझा विचार.

आणि कळत गेलं. गिऱ्हाईक बोट एका वाट्याकडे दाखवतं आणि नजर दुसऱ्यावर ठेवतं. ज्याला माल हवा असतो तेच खोड काढतं, नको असलेलं गोड बोलून पुढे जातं. भाव सांगितला की गप्प बसायचं. जो आधी बोलतो तो उतरतो. पलीकडून गुजरातेतून आलेल्या बायकांना आकडा त्यांच्याच भाषेत सांगायचा. सगळ्यात अवघड म्हणजे पाड्यावरच्या बाया. त्या पैशाऐवजी तांदूळ आणायच्या. मापभर तांदळाला किती बोंबील, हे दर बाजारी नव्याने ठरायचं, आणि ते फक्त समोरचीचं तोंड बघून. तिथे मी खरी तयार झाले.

नवऱ्याला मी फोनवर सांगायचे, "दुकानात शिरल्यावर आधी नको असलेली वस्तू विचारीन. रियालचे रुपये मनातच करीन. दोन दुकानं फिरल्याशिवाय पर्स उघडणार नाही."

"ये तर आधी," तो म्हणायचा.

मग सासूचा गुडघा धरला आणि एका बाजाराला मी एकटी गेले. दुपारपर्यंत सगळा माल संपवून, वर तांदळाची गोणी घेऊन परत आले आणि सगळ्यांसमोर मिरवलं. आता मी तयार झालेय, आता मला पाठवतील, असं मला वाटलं होतं. इतकी मूर्ख मीच. सासूने रिकाम्या टोपलीतून हात फिरवला आणि शेजारणीला म्हणाली, "चला, माझी जागा सांभाळणारी आली गो."

बाजारातली जागा आमच्याकडे सासूकडून सुनेकडे येते. कागदावर काही नसतं. लागोपाठ दोन-तीन बाजार ती रिकामी दिसली की दुसरी कुणीतरी बसते, आणि मग भांडून उपयोग नसतो. हे मला तेव्हा माहीत नव्हतं.

व्हिसाचं बोलणं निघालं तेव्हा नवरा म्हणाला, "आई म्हणते, तू आलीस तर जागा जाईल. एवढं वर्ष काढ."

मी म्हटलं, सहा महिने. तो म्हणाला, वर्ष. मी म्हटलं, आठ महिने. तो गप्प बसला, आणि मीच उतरले. नको म्हणून उठून जाण्यासारखं मला दुसरं दुकानच नव्हतं.

त्या एका वर्षाची चार झाली. तो सुट्टीवर यायचा, अत्तर आणायचा, किंमत सांगायचा. मी म्हणायचे, "दुप्पट दिलेत." मनात चीड धुमसायची, आणि ती काढायची कुणावर? सासूचा गुडघा खोटा नव्हता. बाजाराच्या दिवशी पहाटे टोपली डोक्यावर चढवताना मात्र मला वाटायचं, ही आता उतरणारच नाही.

२०१९ मध्ये शेजारच्या घरातल्या नव्या सुनेचा व्हिसा आला. तिचाही नवरा मस्कतला. भाव कसा करायचा ते विचारायला ती आमच्या ओट्यावर आली. सासू तिथेच बसून बोंबील निवडत होती. मी सगळं सांगितलं. पोरीने मोबाइलवर लिहून घेतलं आणि विचारलं, "आणखी काही, वहिनी?"

"विमानात बसेपर्यंत यातलं तुला काही येतं, हे तुझ्या सासूला कळू देऊ नकोस," मी म्हटलं. आवाज मी मुद्दाम खाली आणला नाही.

माझ्या सासूने मान वर केली नाही. निवडून झालेले बोंबील पुढ्यात ओढून ती ते पुन्हा निवडायला लागली.