ब्रेक मास्तरांच्या बदामवड्या

गाडी शिकवणाऱ्या मास्तरांना सगळे ब्रेक मास्तर म्हणत, कारण शिकणाऱ्याच्या आधी त्यांचाच पाय ब्रेकवर पडायचा. स्वयंपाकघरात मात्र त्यांची मजल फ्रिजपर्यंतच.

त्यांची बायको जिन्यावर घसरली आणि उजवा हात प्लॅस्टरमध्ये गेला. नेमकी तेव्हाच तिची धाकटी बहीण बऱ्याच वर्षांनी यायची होती, आणि तिला ताईच्या बदामाच्या वड्या हव्या होत्या.

"विकत आणतो," मास्तर म्हणाले.

"विकतच्या तिच्याकडेही मिळतात."

मास्तरांनी बाह्या सरसावल्या. बायको स्टूल घेऊन ओट्याजवळ बसली.

बदाम उकळत्या पाण्यात टाकून झाकले. चिमटीत दाबला की भिजलेला बदाम सालीतून सुटतो. मास्तरांचा पहिला सुटला तो खिडकीबाहेर गेला.

"जाऊ द्या त्याला," बायको म्हणाली.

सोललेले बदाम फडक्यावर कोरडे करून त्यांनी मिक्सरमध्ये एका दमात फिरवले. बदामांना तेल सुटलं.

"अहो, थांबत थांबत फिरवायचा! जन्मभर ब्रेक मारलात, इथेच विसरलात?"

त्या दिवशी पाकही पुढे गेला आणि वड्या दगडासारख्या झाल्या. शेजारच्या दातांच्या डॉक्टरांनी एक वडी चाखली आणि मनापासून आभार मानले. दुसऱ्या खेपेचं मिश्रण घट्टच होईना; ते दोघांनी मुकाट्याने चमच्याने संपवलं. तिसऱ्या खेपेला बायकोने सूचना देणं सोडलं. मिश्रण कढईच्या कडा सोडू लागलं, तेव्हा मास्तरांनी थोडं काढून बोटांवर वळून पाहिलं. गोळी झाली, बोटांना चिकटली नाही. तूप लावलेल्या ताटात त्यांनी ते थापलं आणि वड्या कापल्या.

बहीण आली, एक वडी तोंडात टाकली आणि डोळे मिटले.

"ताई, एका हाताने केल्यास? धन्य आहेस!"

"ह्यांनी केल्यात."

बहीण हसता हसता खुर्चीवरून पडायची राहिली. "भावजींनी? चहात पाणी घालतात हे तरी ठाऊक आहे का त्यांना?"

मास्तर उठले, उरलेले बदाम काढले आणि पाणी उकळायला ठेवलं. बहीण मागोमाग गेली ती टर उडवायला. थोड्या वेळाने तीच सालं काढत होती.

"मला कधीच जमल्या नाहीत," ती हळूच म्हणाली. "ताई फोनवर म्हणते, साखर अंदाजाने घाल. अंदाज कुठून आणू?"

"चुकत चुकत येतो तो," मास्तर म्हणाले. "माझ्या दोन खेपा वाया गेल्या."

"ताईने सांगितलं नाही."

"मीही सांगणार नव्हतो."

बाहेरच्या खोलीत बायको एकटीच बसली होती. तिला कुणी हाक मारेना. "काही लागतंय का आत?" तिने ओरडून विचारलं.

"नाही!" आतून दोघं एकदम म्हणाले.

तिने थोडा वेळ दम धरला. मग आत येऊन "सरका" म्हणाली आणि डाव्या हाताने ढवळू लागली.

बहीण डबा भरून घेऊन गेली. पुढच्या आठवड्यात तिचा फोन आला. "ताई, पाक पातळ वाटतोय. भावजींना दे जरा."

ताईने फोन दिला आणि शेजारीच उभी राहिली, ते काही चुकीचं तर सांगत नाहीत ना, हे ऐकायला.