चिंचेनं घासलेलं बक्कल

ग्रुपवाल्यांनो, आज डोकं फिरलंय माझं!

सकाळी देवळीजवळच्या आमच्या वावरात मेटल डिटेक्टर वाजला आणि मातीतून पितळेचं जुनं बक्कल निघालं. त्यावर पुसट अक्षरं होती. इथं फोटो टाकला तर एकानं सांगितलं, "कोतवालाच्या पट्ट्याचं दिसते. खालची ओळ फोटोत दिसत नाही, तूच वाच, गावाचं नाव असंन."

वाचायला गेलो, तर काकानं चिंच लावून, तारेच्या घासणीनं घासून पार गुळगुळीत केलेलं!

"काऊन घासलं काका?"

"चमकलं ना! पोळ्याले बैलाच्या पट्ट्याले लावू म्हटलं."

"कोतवालाचं होतं ते!" मी ओरडलो.

काकानं बक्कल हातात घेऊन उलटंपालटं केलं. मग म्हणे, "माहा आजा कोतवाल होता रे."

म्हणजे माझाच पणजा. आता ओरडू तरी कोणावर? मातीत होतं तोवर अक्षरं तरी होती.